मुदत साडेतीनपर्यंत

कुंभकोणात अनंतकृष्णराव म्हणून चौकशी केलीत तर पाच जण पाच घरं दाखवतील. ‘शेअर सार’, म्हणजे शेअरवाले सर, म्हणा; रिक्षावाला दुसरा प्रश्न न विचारता दारात आणून सोडेल. सारांनी अठ्ठावीस वर्षं पापनाशमच्या शाळेत कॉमर्स शिकवलं. निवृत्त झाल्यावर गप्प बसवेना, म्हणून घराच्या तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडच्या ओट्यावर, दर रविवारी वर्ग भरवायला लागले. फी नाही. वर त्यांच्या बायकोच्या, सीतालक्ष्मीच्या, हातची कॉफी. येणारे बहुतेक आपलेच लोक, तंजावरच्या मराठी राज्यात केव्हातरी आलेल्यांचे वंशज. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, आणि तिण्णै ना घर ना बाहेर, त्यामुळे तिथे दोन्हींची खिचडी.

सारांचा लाडका धडा बायबॅकचा. कंपनीकडे पैसा साठला की कधीकधी ती आपलेच शेअर लोकांकडून परत विकत घेते, तेही बहुधा बाजारापेक्षा चढ्या भावाने. सगळ्यांचे सगळे घेत नाही. पण ठरलेल्या तारखेला ज्याच्याकडे दोन लाखांपर्यंतचेच शेअर असतील तो लहान, आणि या लहानांसाठी एकूण खरेदीतला पंधरा टक्के वाटा राखलेला असतो.

“आणि हे धाकटे काय करतात?” सार मांडीवर थाप मारत. “कांहींच करत नाहींत! चाळीस शेअरांसाठी कोण खटपट करील, म्हणतात. मग जो खटपट करतो त्याचेच जास्ती घेतात. कागदावर अकरांतले तीन लिहिलेलें असतं, हातीं सहा-सातांचे पैसे पडतात.”

पुढचे नियमही ते घोकून घेत. चढा भाव पाहून उसने पैसे आणून शेअर घ्यायचे नाहीत. बायबॅक संपल्यावर भाव पडू शकतो, हे धरूनच चालायचं. आणि पहिल्या दिवशी धावायचं नाही. बाजारभावच वर गेला तर कंपनीला कशाला द्यायचे? शेवटच्या दिवसापर्यंत थांबा, पण शेवटच्या घटकेपर्यंत नाही. हे वाक्य ते दोनदा सांगत. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काही उगीच नाही.

या वर्गात एक विद्यार्थिनी कधी प्रश्न विचारत नसे. सरोजाबाई, दोन घरं पलीकडची, वय चौऱ्याहत्तर. तिचा नवरा अप्पाराव पाण्याच्या पंपांचं दुकान चालवायचा. ज्या कंपनीचे पंप विकायचा तिचेच नव्वद शेअर त्याने हौसेने घेऊन ठेवले होते, आणि त्याच्या मागे ते तिच्या नावावर आले होते. तिचं खातं सारांनीच उघडून दिलं. मोबाइल नंबराच्या रकान्यात त्यांनी स्वतःचा नंबर घातला. म्हाताऱ्या बाईला ओटीपीचा ताप कशाला, हा त्यातला भाव. भाव चांगलाच होता, त्याबद्दल वाद नाही.

सरोजाबाईच्या तोंडात सहा दात उरले होते, तेही एकमेकांशी अबोला धरल्यासारखे लांबलांब. मोठ्या रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पक्के दात बसवायचे ऐंशी हजार सांगितले होते. मुलगा बंगळुरात, चांगल्या नोकरीत. पण मुलाजवळ हात पसरायचा म्हटलं की हिची जीभ टाळ्याला चिकटायची. बाई पोळी दुधात, चकलीसारखं मुरुक्कू कॉफीत आणि वडा सांबारात बुडवून दिवस काढत होती.

अशात दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात पंपाच्या कंपनीची बायबॅक आली. बाजारात भाव साडेदहाशे, कंपनी देणार चौदाशे. सारांनी कागदावर आकडे मांडले आणि म्हणाले, “अक्का, नव्वदांतले साठ तरी घेतील. चवऱ्यांशी हजार. दात आले म्हणून समज. वर तीस शेअर अप्पारावाची आठवण म्हणून राहतील.”

सरोजाबाई तोंडावर पदर धरून हसली. लग्नाच्या मुलीसारखी लाजली म्हणा ना. “मग पहिल्यांदा मी सीतेच्या हातचं मुरुक्कू खाईन. कोरडं,” ती म्हणाली.

मुदत सोमवार ते शुक्रवार. गुरुवारी संध्याकाळी सारांनी आपले शेअर देऊन टाकले, मोबाइलवर, पाच मिनिटांत. सरोजाबाईचे द्यायचे तर तिचा पासवर्ड लिहिलेली वही आतल्या कपाटातून काढायला हवी होती. सार उठले नाहीत. त्यांनी दलालाच्या कचेरीतल्या विघ्नेशला फोन करून सांगितलं, उद्या सकाळी अक्कांचं तू तिकडून घाल, ओटीपी माझ्या फोनवर येईल, तो सांगतो. उद्या आपल्या वडिलांचं तेवसं आहे, म्हणजे श्राद्ध, हे काय सारांना ठाऊक नव्हतं? होतं. भटजी दहाला येतील, एकपर्यंत सगळं आटोपेल, असा त्यांचा हिशेब.

भटजी आडुतुरैहून बसने येणार होते, ते साडेअकराला आले. सार तोवर न्हाऊन मडीत, म्हणजे सोवळ्यात, उघड्या अंगाने बसलेले. फोन दिवाणखान्यातल्या फडताळावर. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा दर्भ हातात होते. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा पिंड. कोण वाजवतंय आणि कशासाठी, ते सारांना पक्कं माहीत होतं. एका वाक्याचं काम होतं: सीते, मडी मोडतो, फोन घेतो, परत न्हातो. वडील काही पिंडावरून उठून गेले नसते. पण ते वाक्य सारांनी उच्चारलं नाही. त्यात कावळाही वेळेवर येईना.

जेवणं झाली, भटजी दक्षिणा घेऊन गेले, तेव्हा दोन चाळीस झाले होते. मडी संपली होती. फोन चार हातांवर होता आणि मुदतीला पन्नास मिनिटं उरली होती. सारांच्या पोटात सात वडे आणि दोन वाट्या पायसम. पाच मिनिटं पाठ टेकतो, असं म्हणून ते दिवाणखान्यातल्या गार फरशीवर आडवे झाले.

जाग आली तेव्हा घड्याळात चारला दहा कमी होते.

फोनवर विघ्नेशचे सात कॉल. सारांनी उलटा फोन लावला. “संपलं, सार,” विघ्नेश म्हणाला. “साडेतीनला बंद झालं.” वडिलांचा हार घातलेला फोटो समोर होता. त्याच्याकडे पाहायची त्यांना लाज वाटली, खरीखुरी लाज, शाळेत कॉपी करताना सापडलेल्या पोराची असते तशी.

संध्याकाळी ते सरोजाबाईकडे गेले. खरं सांगायलाच निघाले होते, निदान त्यांना तसं वाटत होतं. ती देवापाशी दिवा लावून उभी होती. तिने वळून पाहिलं आणि सारांच्या तोंडून भलतंच निघालं, तेही तमिळमध्ये: “एडुक्कलै, अक्का.” घेतले नाहीत. लहानांचे कोणाचेच घेतले नाहीत, कंपनीने फसवलं, असंही पुढे जोडलं. चाळीस वर्षांत अक्काशी घरात ते कधी तमिळ बोलले नव्हते.

“असो,” सरोजाबाई म्हणाली. “कंपनीला नको झालं.” आणि तिने त्यांच्या हातावर साखर घातली.

साखर गोड लागली नाही.

जानेवारीत भाव पडला, आठशेवर आला. आता सगळेच्या सगळे विकले तरी दातांना पुरेनात, आणि अप्पारावाची आठवणही गेली असती. थांब, वर येईल, असं सार म्हणत राहिले. ते स्वतः मात्र आतून पोखरत चालले. चोराच्या मनात चांदणं. सरोजाबाई नुसती कॉफी मागायला लागली तरी यांना वाटे, आता विचारणार. दुपारची झोप त्यांनी सोडली. दोन वाजले की सीतालक्ष्मी घोरायची आणि हे खांबाला टेकून रस्त्याकडे बघत बसायचे. मनाशी घोकायचे, तेवसं होतं, माझा काय इलाज? बापाचं श्राद्ध टाकायचं होतं का? असं म्हटलं की थोडं हायसं वाटायचं. मग फरशी आठवायची, सात वडे आठवायचे. आपण आळस केला, खोटं बोललो, आणि आता मेलेल्या बापाला पुढे करतोय, हे त्यांना कळत होतं. स्वतःची किळस येत होती.

एकदा धीर करून ते म्हणालेही, “अक्का, दातांचे पैसे मी देतों. मागून पाहूं.”

“तूं कां देणार?” तिने विचारलं. सार पंच्याने कपाळ पुसायला लागले. तिने विषय बदलला.

ऑगस्टात गोकुळाष्टमी झाली. नंतरच्या रविवारी वर्गाला सीतालक्ष्मीने सीडै आणली, तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या गोळ्या, गोटीसारख्या टणक. दुसऱ्या कुठल्याशा कंपनीच्या बायबॅकची चर्चा चालली होती. बँकेतून निवृत्त झालेला वेणुगोपाळ भरल्या तोंडाने म्हणाला, “सार सांगतात तसं करा हो. पंपाच्या वेळीं माझ्या शंभरांतले सदुसष्ट घेटले. सदुसष्ट! अस्के पैसे, एकूण एक, आठवड्यांत आले.”

सारांचा हात हवेत राहिला. सरोजाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिने एक सीडै कॉफीच्या पेल्यात टाकली, बोटाने बुडवली, मऊ व्हायची वाट पाहत बसली. वर पाहिलं नाही. वेणुगोपाळाकडे नाही, सारांकडेही नाही. वर्ग त्या दिवशी लवकर सुटला.

रात्र कशी गेली ते सारांनाच ठाऊक. सकाळी कॉफीही न घेता ते सरोजाबाईच्या दारात उभे राहिले. ती तांदूळ निवडत होती.

“अक्का, मी लटकं बोललों,” सार उभ्याउभ्याच म्हणाले. “कंपनीने घेटले. अस्क्यांचे घेटले. तुझे गेलेच नाहींत. ओटीपी माझ्या फोनावर येत होता, आणि मी मडींत होतों. बाबाचं तेवसं होतं.”

सरोजाबाईचा हात थांबला. मग ती हळूच म्हणाली, “तेवसं होतं, होय. बापाला जेवूं घालत होतास. मडी कशी मोडणार? जाऊं दे. परवायिल्लै.”

काही हरकत नाही, म्हणाली. सारांच्या छातीवरचा धोंडा उतरला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी तिला वाकून नमस्कार केला, पायऱ्या उतरले, चपला घातल्या. रस्त्यावर फुलवाली ओरडत चालली होती. चार पावलं गेले आणि पाय उचलेना. तिने माफी दिली ती सोवळ्यातल्या मुलाला, वडे खाऊन पसरलेल्या माणसाला नव्हे. म्हणजे आज आपण दुसऱ्यांदा फसवून निघालो, आणि या खेपेला तिच्या देवभोळेपणावर हात मारून.

सार परत फिरले. चपलांसकट दोन पायऱ्या चढले, मग लक्षात येऊन त्या काढल्या.

“अक्का. मडी पावणेतीनाला संपली होती. वेळ होता. मी निजलों. खाऊन निजलों, दुसरं कांहीं नाहीं.”

सरोजाबाईने सूप बाजूला ठेवलं.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“विघ्नेशाने माझ्या घरच्या फोनावर फोन केला त्या दिवशीं. आजी, सार फोन घेत नाहींत, साडेतीनापर्यंतच वेळ आहे, पळत जा, म्हणाला. मी आलें. तुझं दार उघडं होतं. सीता मागे भांडीं आवरत होती. तूं फरशीवर निजला होतास, हात डोक्याखालीं घेऊन. दोनदां ‘अनंता’ म्हणावं असं तोंडाशीं आलें. पहाटेपासून उपाशी राहून बापाला जेवूं घाटलंस, आतां कुठें डोळा लागला, माझ्या दातांसाठीं याला कां उठवूं? उभी राहिलें आणि परत गेलें.”

सारांनी खांद्यावरचा पंचा काढून हातात घेतला.

“ती झोप मी तिथेंच विसरलें, अनंता. संध्याकाळीं तूं आलास तेव्हां म्हटलं, आतां सांगेल. सांगटलं नाहींस. म्हटलं, उद्यां सांगेल. काल वेणु बोलला तेव्हां म्हटलं, आतां तरी. आठ महिने मी दर रविवारीं तुझ्या ओट्यावर शेअर शिकायला येत होतें, असं वाटतं तुज?”

सार खाली बसले, तिच्या समोर, जमिनीवर. “दातांचे पैसे मी देतों, अक्का. दया म्हणून नव्हे.”

“दे. आतां घेईन,” ती म्हणाली. “त्या दिवशीं कां देतोस तें सांगटलं असतंस, तर तेव्हांच घेटले असते.”

तिने सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि तांदळातले खडे वेचायला लागली. जा म्हणाली नाही, थांब म्हणाली नाही. सारही उठले नाहीत. साठीचा माणूस तोंडावर पंचा धरून रडत होता आणि ती त्याला गप्प करत नव्हती.