नलूताई आणि पश्चिमेची भिंत

नलूताई आल्या-गेल्याला आधी खिडकीत बसवत. सोफा होता, खुर्च्या होत्या; पण पहिल्यांदा येणाऱ्यानं खिडकीतच बसायचं. भिंत दोन फूट जाड, त्यामुळे खिडकीचा कट्टा मांडी घालून बसण्याएवढा खोल. आपण बसलो की पाण्याचा ग्लास हातात देत म्हणत, "आता पाठ टेका. दोनशे वर्षं उभं आहे हे घर, तुमच्या भारानं काही होत नाही."

मी तिथे बसले ती ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात. लग्न होऊन नागपूरहून नुकतीच अमेरिकेतल्या पिस्कॅटवेला आले होते. आमच्या अपार्टमेंटमध्ये खिळा ठोकला तर शेजाऱ्यांचा फोटो हलायचा. इथे बाहेर बर्फ, आणि पाठीमागच्या दगडात दुपारच्या उन्हाची ऊब. परक्या देशात पहिल्यांदाच कोणीतरी जवळ घेतल्यासारखं वाटलं.

नलूताई हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. बरोबरीचे मराठी डॉक्टर नव्या वसाहतींत दोन गराजची घरं घेत होते, तेव्हा त्यांनी तासाभराच्या ड्राइव्हवरचं हे फार्महाउस घेतलं. इंग्लंडहून आलेल्या कुणा शेतकऱ्यानं, अमेरिका स्वतंत्र व्हायच्या आधी, आपल्या गावाकडच्या घरासारखं बांधलेलं. शेतातलेच दगड, ओकच्या तुळया, आणि आत माणूस उभा राहील एवढी मोठी चूल. त्यांचे यजमान श्रीधरराव इंजिनिअर. ते म्हणत, "हिनं घर नाही, पेशंट घेतलाय." खोटं नव्हतं ते. ताई भिंतींवरून हात फिरवत, बोटांनी ठोकून कान लावत. कोणी सल्ला द्यायला लागलं की म्हणत, "आधी हात लावा, मग बोला."

एका वसंतात पश्चिमेची भिंत बाहेरच्या बाजूला फुगली. दोन कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. दोघांचंही मत एकच, पाडा आणि लाकडी फ्रेमची करा. वरच्या खोलीत त्यांची चौदा वर्षांची मीनल झोपायची, त्यामुळे श्रीधररावांनीही तोच आग्रह धरला. ताईंनी मीनलची गादी दुसऱ्या टोकाच्या खोलीत नेली आणि सुट्टी काढून त्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसल्या. मग मला म्हणाल्या, "वरून कोणीतरी सिमेंट थापलंय गं. जखम न धुता पट्टी बांधल्यासारखं. आत पाणी कोंडलंय. थंडीत त्याचा बर्फ होतो आणि तो दगड ढकलतो."

चुन्यात काम करणारा हॅरल्ड नावाचा एक म्हातारा गवंडी त्यांनी शोधून काढला. त्याचंही निदान तेच निघालं. श्रीधररावांनी हो म्हटलं, पण हिवाळ्याआधी भिंत उभी राहिली नाही तर घर विकायचं, या अटीवर.

त्या उन्हाळ्यात तुळया लोखंडी जॅकवर तोलून धरल्या आणि भिंतीचा फुगलेला भाग उतरवायला घेतला. भिंतीचं पोट उघडं पडलं तेव्हा मी बघतच राहिले. ती एक भिंत नव्हतीच. पाठीला पाठ लावलेल्या दोन भिंती, मध्ये बारीक दगड आणि चुना, आणि मधूनमधून एकेक लांब दगड दोघींना आरपार धरून बसलेला. जिथे कुणाची नजर कधी जाणार नव्हती, तिथेही प्रत्येक दगड निवडून बसवलेला. ताईंनी त्या लांब दगडाला हात लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

चुलीच्या धुराड्यालगत हॅरल्डला एक बूट सापडला. लहान मुलाचा, चामड्याचा, झिजलेला. घरात वाईट काही शिरू नये म्हणून इंग्लंडकडची जुनी माणसं भिंतीत वापरलेला बूट ठेवत, असं त्यानं सांगितलं. म्युझियमला देऊ या, असं श्रीधरराव म्हणाले, आणि त्यात गैर काही नव्हतं. ताईंनी तो तळहातावर घेतला. एवढासा होता.

"आईबापांनी लेकरासाठी ठेवलेली वस्तू आहे," त्या म्हणाल्या. "ती काढून घेणारी मी कोण?"

भिंत पुन्हा चढत त्या जागेपर्यंत आली, तेव्हा त्यांनी बूट होता तिथे ठेवला. मीनलला ते घर कधीच आवडलं नव्हतं. मैत्रिणींची घरं नवी, हिचं अंधारं. ती आत गेली आणि लहानपणीचा एक स्नीकर घेऊन आली.

"मॉम, कॅन धिस गो इन, टू? हापण ठेवू या?"

ताईंनी तो घेऊन बुटाशेजारी ठेवला. पुढचा दगड हॅरल्डनं जरा थांबूनच उचलला.

पुढे श्रीधररावांच्या नोकरीमुळे ते सगळे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला गेले. ताई तिथेच वारल्या. त्यांची आठवण निघाली की मला भिंत बांधली त्या वर्षीचा, हिवाळ्याच्या तोंडावरचा एक दिवस दिसतो. चुना पुरेसा घट्ट झाला होता, जॅक सैल करायचे होते. आता वरचा मजला, छप्पर, सगळा भार नव्या भिंतीवर येणार. आम्हाला हॅरल्डनं बाहेर उभं केलं. ताई मात्र आत, त्या तुळयांच्या खालीच उभ्या राहिल्या. श्रीधररावांनी बाहेरून दोनदा हाक मारली. त्या हलल्या नाहीत.

"रोज ज्यांना भूल देते, त्यांना सोडून मी बाहेर जाते का?" एवढंच म्हणाल्या.

हॅरल्ड जॅक फिरवू लागला. तुळई करकरली. श्रीधरराव क्षणभर दारात थांबले, मग आत गेले आणि ताईंच्या शेजारी उभे राहिले. लाकूड हळूहळू दगडावर टेकलं, आवाज थांबला. दोघं वर बघत होते.