दुसऱ्या पक्षाचे म्हणणे

देवीवरील माझी श्रद्धा लहानपणापासूनची असली, तरी देवी माझ्याच बाजूने कौल देईल या गृहीतकावर ती उभी होती, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळले. माझे आयुष्य दिवाणी न्यायालयात लिपिक म्हणून गेले. निवृत्तीनंतर आमच्या राजापेठेतील तुंबलेल्या गटारापासून शिकवणीवर्गांपुढे वाट अडवणाऱ्या दुचाकींपर्यंत प्रत्येक बाबीवर मी पत्रे लिहिली. राग आला की मी बोलत नाही, लिहितो. महत्त्वाचे पत्र बार्शीटाकळीजवळच्या गावी कुलदेवीच्या पायाशी ठेवायचे, तेथेच सही करायची आणि मगच पोस्टात टाकायचे, असा माझा नेम होता.

गेल्या उन्हाळ्यातील पत्र माझ्या मुलीला होते. मुक्ता माझी एकुलती एक. अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत ती कापसावरील बुरशीचा अभ्यास करीत असे आणि सुटीच्या दिवशी एका मूर्तिकाराकडे माती मळीत असे. नोकरी सोडून शिल्पच करावे काय, याचा उलगडा होत नाही, असे तिने फोनवर सांगितले, तेव्हा मी उत्तरलो, तोंडी म्हणणे ग्राह्य धरता येणार नाही, सात दिवसांत लेखी कळव. तिने पुन्हा दोनदा फोन केला. दोन्ही वेळा मी तेच सांगितले. लेखी काहीच आले नाही. आठव्या दिवशी मी चार पाने लिहिली आणि अखेरीस नमूद केले, की विज्ञानाची वाट सोडल्यास पिता व कन्या हा संबंध त्या दिवसापासून संपुष्टात आला असे समजावे. त्या वाक्यावर मी खूष होतो, हे कबूल केले पाहिजे.

देवळात पोहोचलो तेव्हा दुपारची वेळ असल्याने गाभारा बंद होता. बसच्या गर्दीत माझ्या चष्म्याची दांडी मोडली होती. शेवटचे वाचन केल्याशिवाय मी कशावरही सही करीत नाही. सभामंडपात एक वयस्क सुतार दाराची जुनी चौकट दुरुस्त करीत होते. युसूफ मिस्त्री असे नाव त्यांनी सांगितले. माझी अडचण ऐकून त्यांनी रंधा बाजूला ठेवला, हात पुसले आणि पत्र वाचून दाखवले. ते मराठी शाळेत शिकलेले होते. वाचन सावकाश, पण स्वच्छ होते. 'संपुष्टात' या शब्दापाशी ते थांबले. अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी ते वाक्य पुन्हा, अधिक हळू वाचले. माझे शब्द दुसऱ्याच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो.

पाने घडी करून परत देताना ते म्हणाले, "नाराज नका होऊ साहेब, पन या चार पानांत सारं तुमचंच आहे. पोरगी काय म्हन्ते, ते कुठंच नाई."

तिला सात दिवसांची मुदत दिली होती, असे मी ताठपणे सांगितले.

"सात दिवस तिले बोलाले देल्ले," ते म्हणाले. "आयकाले कोन बसलं होतं?"

एवढे बोलून त्यांनी माझा चष्मा मागून घेतला आणि तारेचा एक तुकडा पिळून दांडी बसवू लागले. दुसऱ्या पक्षाचे ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये, हे तत्त्व मी हयातभर इतरांच्या कागदांत उतरवले होते. त्यांच्या मुखातून देवी बोलली असे मी म्हणणार नाही. तसा पुरावा माझ्याकडे नाही. गाभारा उघडला, तेव्हा चष्मा अजून त्यांच्याच हातात होता. मला देवीचा चेहरा दिसला नाही, केवळ शेंदराचा लाल आकार दिसला. पत्र मी पिशवीतून काढलेच नाही. काय मागावे ते सुचेना, म्हणून काही न मागता उभा राहिलो. ते माझ्या आयुष्यातील पहिलेच तसे दर्शन.

संध्याकाळपूर्वी अकोल्यात तिच्या खोलीवर गेलो. मला दारात पाहून मुक्ता म्हणाली, "लेखी नाई जमलं मले, बाबा." तोंडी सांग, मी म्हणालो. ती बराच वेळ बोलली. प्रयोगशाळेत बसले की हात मातीकडे ओढ घेतात आणि मातीत बसले की लोकांचे पीक वाऱ्यावर सोडून आपण खेळतो आहोत असे वाटते. दोन्हीकडे आपण चोरच ठरतो, असे तिचे म्हणणे होते. यातील एक अक्षरही मला ठाऊक नव्हते. मी सवयीने बोलायला तोंड उघडले, तोच ती म्हणाली, "आज निकाल नका देऊ, बाबा. नुसते बसा."

मी बसलो. ते कठीण गेले.

महिन्याभराने तिने प्रयोगशाळा सोडली. तिचा निर्णय मला आजही पटलेला नाही आणि तसे मी तिला सांगितले आहे. ती हसते आणि मला माती भिजवायला लावते. त्या मिस्त्रींचा व ज्या शक्तीने मला त्यांच्यासमोर आणून बसवले तिचा मी ऋणी आहे. देवळात मी अजून जातो. मात्र देवीकडे आता दाद मागत नाही, केवळ हजेरी लावतो.