पहिला ओवसा

नवरा गेला तेव्हा वाडीने चार दिवस पेज आणून दिली आणि मग मला अडगळीत टाकलं. अडगळ तरी कशी म्हणू? कामाला मी अजून लागतेच.

मुलाच्या लग्नानंतरची पहिली गौर आली. आमच्याकडे नवी सून तेव्हा ओवसा करते: सुपांत फळं, भाज्या, पानं मांडून आधी गौरीपुढे धरते, मग घरातल्या थोरांच्या हातात एकेक सूप देऊन पाया पडते. पहिलं सूप सासूचं. ती सुपं मीच मालवणच्या बाजारातून निवडून आणली, धुतली, दोरा गुंडाळला. वड्यांचं पीठ मळलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं केलं. तोवर माझे हात कुणाला खुपले नाहीत. सून शालू नेसून उभी राहिली आणि थोरल्या जाऊबाई माझ्याकडे आल्या.

"वायच मागल्या पडवेत बस गो. पोरीचो पयलो ओवसो आसा. मनात काय धरू नको हां."

मनात धरू नको म्हणे! यांचा नवरा बारा वर्षं यांच्याशी बोलत नाही. पण जिवंत आहे, म्हणून या सौभाग्यवती. माझा नवरा माझ्या हातचा चहा घेतल्याशिवाय होडीकडे जात नसे. तो मेला, म्हणून मी अपशकुनी. वा रे शास्त्र!

पडवीत चुलतसासू बसली होती, वीस वर्षांपूर्वी विधवा झालेली. "बस गो, हयसर वारो बरो येता," म्हणाली. दर गौरीला तिचं ताट मीच तिथे नेऊन द्यायचे आणि स्वतःला मोठी दयाळू समजायचे. तिला आत बोलवा, असं एकदाही माझ्या तोंडून निघालं नाही.

तेवढ्यात सूनच मागच्या दारात आली. हातात सूप.

"आई, घेवा. पयलां सूप तुमचां."

आतून जाऊबाई ओरडल्या. त्यांना काय काय सुनवायचं ते जिभेवर तयार होतं. पण डोळ्यांपुढे मुलगा आला. तोही होडीवर जातो. खरंच काही झालं तर?

"माका नको गो बाय. आधी थोरल्या काकीक दी."

ती हलेना. डोळे भरून तशीच उभी. मग मी दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

जाऊबाईंना मी अजून नावं ठेवते. पण त्यांनी मला नुसतं बसायला सांगितलं होतं. पोरीच्या तोंडावर दार मी लावलं.