एकच डॉक्टर, दोन जावा

सोमवारी नांदेडला गेले होते, ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरबाईंना दाखवायला. सोबत धाकटी जाऊ, सुनंदा. खरं सांगू? ती सोबत यायला नको होती मला...

आम्हा दोघींना एकच आजार. एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसलंच बाहेर, भलत्या जागी वाढतं आणि पाळी आली की जीव नकोसा करतं. एका घरात दोन सुना आणि दोघींना तेच... आमच्या पुसेगावच्या बायकांना बोलायला तेवढंच पुरलं.

दोघींचं ऑपरेशन याच डॉक्टरबाईंनी केलं, दुर्बिणीतून. आधी माझं, मग दिवाळीनंतर तिचं. तिची गाठ माझ्यापेक्षा मोठी, म्हणून घरात सगळ्यांना काळजी तिचीच.

आणि बरी कोण झाली? तीच.

मला सुरुवातीला बरं वाटलं, मग पुन्हा तेच सुरू... कंबर, ओटीपोट, मांड्या. मी घरी ब्लाऊज शिवते. मशीनवरून उठताना भिंत धरावी लागते.

मागच्या आठवड्यात आमची हळद निघाली. वेचायला बायका होत्या, मी चहा घेऊन शेतात गेले. सुनंदा उकिडवी बसून हळद वेचत होती, वर बायकांना हसवत होती. तिची पाळी चालू होती. मला कसं माहीत? मी तिच्या तारखांवर लक्ष ठेवून होते ना...

बांधावर किटली धरून उभी होते आणि मनात आलं, हिला एकदा तरी दुखावं. जास्त नाही... थोडंसं.

त्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "एकाच हातचं ऑपरेशन. ही कामाला लागली, तुलाच काहून उतार न्हाई?" मी भाकरी थापत राहिले.

सोमवारी यांना हळद शिजवायचं काम होतं, म्हणून सासूबाईंनी सुनंदाला माझ्यासोबत पाठवलं. बसमध्ये ती खिडकीशी बसून खारे दाणे खात होती. मी पाठीमागे शाल कोंबून अर्ध्या वाटेवरचं कळमनुरी कधी येतं ते बघत होते. खड्डा आला की कळ यायची, आणि तिच्या तोंडाकडे बघितलं की दुसरी.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिला ओळखलं. "तू कशी आहेस गं?" ती म्हणाली, "लई चांगली." झालं... इथंही तीच. मी मान खाली घातली.

मला तपासून झालं. मी उठणार, तेवढ्यात सुनंदाच बोलली. "मॅडम, एक विचारू? गाठ माझी मोठी होती. मंग मला आराम पडला आन् आमच्या ताईला काहून न्हाई? घरात समद्यांला वाटते ताई सोंग करून राहिली. मला लई वाईट वाटते, पण मला काय सांगता येईना. तुमी सांगा, म्हंजे मी घरी सांगते."

मला हसावं की रडावं कळेना. हा प्रश्न मी कितीतरी महिने गिळून बसले होते...

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, "गाठ केवढी, यावर दुखणं ठरत नाही. सुनंदाचं फक्त पाळीत दुखायचं. तुमचं शाळेत असल्यापासून, आणि पाळी नसतानाही. लघवीला त्रास, कंबरेत त्रास. इतकी वर्षं दुखलं की नसांना दुखायची सवय लागते. मुळातला आजार काढला तरी त्या ओरडत राहतात. अशा पेशंटला नुसत्या ऑपरेशननं आराम कमी पडतो."

मी विचारलं, "मग हे आधी कळत नाही का?"

"थोडा अंदाज येतो. खात्रीनं अजून कुणालाच सांगता येत नाही. पण तो अंदाज तरी मी तुम्हाला ऑपरेशनआधी सांगायला हवा होता." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "तुमचं दुखणं खोटं नाही."

मी तिथंच रडले. सुनंदानं पदराचं टोक पुढं केलं... तिच्या पदराचं, माझ्या नाही.

नसांसाठी वेगळी गोळी दिली, ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम शिकायला पाठवलं. घरी पोचलो तर सासूबाई ओट्यावरच बसलेल्या. मी चप्पल काढायच्या आत सुनंदानं सगळं सांगून टाकलं, नसांच्या सवयीसकट. शेवटी म्हणाली, "ताईची तकलीफ खरी हाय. माझं बरं झालं ते माझं नशीब."

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, "दुखंल तवा मशीन बंद ठिवत जा. गिऱ्हाईक थांबंल."

हेवा गेला का? नाही. आज सकाळी ती भरलेली घागर कमरेवर घेऊन चटचट पायऱ्या चढली, तेव्हा आतून जळलंच मला. व्यायामानं किती फरक पडेल तेही माहीत नाही...

पण जे मला स्वतःसाठी विचारता आलं नाही, ते विचारणारी बाई माझ्याच घरात होती. आणि मी तिला कधी दुखतंय याची वाट बघत होते.