मालकांच्या टाकीतला नवरदेव

आमच्या गल्लीत त्यांना सगळे मालक म्हणत. ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेली होती. "या घरात माह्याशिवाय पान हालत नाही," असं ते ओट्यावर बसून सांगायचे, तेही जरा दबक्या आवाजात, कारण आत काकू असायच्या. काकूंनी आतून "अजी, भाजी?" एवढंच म्हटलं की मालक वाक्य अर्धवट टाकून थैली घेऊन निघायचे. भंडाऱ्यात त्यांच्या वरच्या खोलीत मी राहायला आलो, तेव्हा खोली दाखवली मालकांनी; ती मला द्यायची की नाही, ते ठरवलं काकूंनी.

पितळी भांड्यांचं दुकान बंद केल्यावर मालकांना मासे पाळायचं वेड लागलं. तेही साधेसुधे नव्हेत, समुद्रातले क्लाउनफिश! नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. त्यांच्यासाठी नागपूरहून मिठाची पाकिटं यायची आणि मालक सकाळी बादलीत मीठ विरघळवत बसायचे. "तळ्याईच्या जिल्ह्यात राहून मानूस घरात समुद्र बनवून राहिला! काय म्हनावं बाप्पा!" काकू कपाळाला हात लावायच्या. पण बादली उचलायला हात तेवढा त्याच लावायच्या.

जोडी निवडली ती अगदी स्थळ पाहावं तशी. नवरा नवरीपेक्षा थोराड हवा, हा आपल्याकडचा नियम. म्हणून एक मोठा मासा, एक लहान. मोठा तो नवरदेव, लहान ती नवरी. टाकीत सोडताना मालकांनी मूठभर अक्षता आणल्या होत्या. काकूंनी त्या काढून घेतल्या म्हणून पाणी वाचलं. पुढे नवरदेव अंगावर धावला की नवरी त्याच्यासमोर आडवी होऊन थरथरायची, आणि भांडण तिथेच मिटायचं. मालक मला हात धरून टाकीपुढे न्यायचे. "पाह्य बापू, नवऱ्यापुढं कशी कापून राहिली! याले म्हनते संस्कार."

एकदा मीठ आणायला मी नागपूरला गेलो आणि दुकानदाराला या संस्कारांबद्दल सांगितलं. तो हसत सुटला. या माशांत मोठी ती मादी, लहान तो नर. थरथरतो तो बिचारा नवरा. जन्मतात सगळे नरच. सगळ्यांवर जो वरचढ ठरतो त्याची मादी होते, आणि ती मेली की तिचा नवराच तिची जागा घेतो. परत येऊन मी हे सगळं मालकांच्या कानावर घातलं. त्यांनी आधी आत डोकावून काकू कुठे आहेत ते पाहिलं. मग माझा हात दाबून म्हणाले, "बापू, काकूले सांगू नोको. घरात राह्यनं मुश्कील होईन." चारचौघांत मोठा मासा त्यानंतरही नवरदेवच राहिला.

मग काकू आजारी पडल्या. दवाखान्याच्या चकरा झाल्या आणि शेवटी डॉक्टरांनीच घरी न्यायला सांगितलं. खाट पुढच्या खोलीत, टाकीसमोर टाकली. साऱ्या गल्लीला एकच काळजी: काकूंच्या मागे या माणसाचं कसं होणार? मालकांना साधा चहा करता येत नव्हता. पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने तर ठरवूनच टाकलं होतं, बाबांना घेऊन जायचं. मालकांना विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. काकू मात्र मला पुन्हा पुन्हा विचारायच्या, "हे तिथं रमतीन का रे, बापू?"

अशातच मोठ्या माशाने टाकीबाहेर उडी मारली. सकाळी तो जमिनीवर सुकून पडलेला दिसला. मालक हबकलेच. "आजच नागपूरहून दुसरा मोठा आनतो. एकटी कशी राहीन ते?"

काकू पडल्या पडल्या म्हणाल्या, "मोठी आनू नका जी. मारामारी होईन. लहानसाच आना."

मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथल्या तिथे गार. "तुले कोनं सांगतलं?" त्यांनी काकूंना विचारलं.

"सांगा कायले लागते? गोट्यावर अंडे कोन देत होती, मले दिसत नव्हतं का? अन् अंड्याईपाशी पंख हालवत राखनीले कोन बसत होता, तेही दिसलं."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही किती खुश होते. कायले बोलू?" काकूंना धाप लागली. जरा दम घेऊन त्या म्हणाल्या, "आता तोच मोठा होते, पाह्यजा. घर सांभाळते तो. त्याले जमते."

मालक पाठमोरे होऊन काच पुसत राहिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

काकू गेल्या. तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी मुलाने बॅग भरून दारात ठेवली, रिक्षा बोलावली. "बाबा, चला, गाडीची वेळ झाली."

मालक स्वयंपाकघरातून बाहेर आले. हातात सराटा, कपाळावर घाम. "कोठीच नाही जात मी. रिक्षावाल्याले वापस पाठव. हात धू, ताट वाढलं."

"पण बाबा..."

"आंदी जेव. मंग बोलजो."

मुलगा पाटावर बसला. त्याच्या शेजारी मीही. भात खाली लागला होता, वरणात हळदच नव्हती. आम्ही दोघांनी मागून मागून खाल्लं. मालकांपुढे तोंड उघडायची आमची हिंमत नव्हती.