खर्र्याच्या पन्न्या आणि दोन सीटची गाडी

तंबाखूचा खर्रा सोडून मला बरीच वर्षं झाली, पण माझ्या बायकोचा त्यावर कवडीचा विश्वास नाही. ती सरकारी नर्स. वरोऱ्याहून एसटीने अपडाऊन करून एका खेड्यातलं उपकेंद्र सांभाळायची आणि दिवसभर लोकांना तोंडं उघडायला लावून तंबाखूचे चट्टे शोधायची. संध्याकाळी घरी आली की शेवटचं तोंड माझं. "आ करा." मी आ करायचो. करतो काय!

अशा बाईच्या घरात मी गाडी आणली. जुनी विलायती, दोन सीटची, टपाचा पत्ता नाही आणि इतकी बुटकी की बसल्यावर ढुंगण रस्त्याला टेकतं की काय असं वाटावं. चंद्रपूरच्या एका बंगल्यामागे उंदरांनी ती सांभाळली होती. बंगला विकला गेला आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. टेम्पोतून उतरवताना बायको दारात उभी. "लोक घरातलं भंगार बाहेर काढते, अन् तुम्ही बाहेरचं आत आणून राह्यले!"

मला राग लवकर येतो. म्हणालो, "तुझ्या रिटायरमेंटच्या दिवशी तुले न्यायले याच गाडीत येतो का नाई, पायजो."

बोललो ते बोललो, पण मग ते मनातून जाईना. खाणीच्या वर्कशॉपात माझी उभी नोकरी तीन शिफ्टांत गेली. तिला ड्युटीवरून आणायला मी एकदाही गेलो नव्हतो, आणि आता तिची जेमतेम वर्षभराची नोकरी उरली होती. हा एक शब्द तरी खाली पडू द्यायचा नाही, असं मी ठरवलं.

अंगणातल्या शेडमध्ये मी गाडी पार सांगाड्यापर्यंत खोलली. ज्या भागाचे नटबोल्ट, ते एकाच प्लास्टिकच्या पन्नीत. पन्न्या कुठल्या? खर्र्याच्याच. सुपारी-तंबाखू घोटून घोटून जी फाटत नाही, ती बोल्टाने थोडीच फाटणार! पानठेल्यावरून कोऱ्या पन्न्यांचा गठ्ठाच आणला. वर रबर लावून त्या फळीवर ओळीने मांडल्या. डाव्या टोकाला बंपर, उजव्या टोकाला मागची चाकं. चिठ्ठी कुठेच लावली नाही, कारण ओळ माझ्या डोक्यात पक्की होती.

एकदा मी पेट्रोलची नळी आणायला चंद्रपूरला गेलो आणि ही पाना शोधायला शेडमध्ये शिरली. अंधारात फळीभर खर्र्याच्या पन्न्या! पहिली उघडली तर नट निघाले. कोणी म्हणेल, इथे तरी थांबावं. पण तिला वाटलं, वर नट घालून खाली माल लपवलाय. मग दुसरी उघडली, तिसरी उघडली, करता करता अख्खी फळी घमेल्यात रिकामी केली आणि पन्न्या कचरागाडीत देऊन टाकल्या.

मी परत आलो आणि ते घमेलं पाहिलं. मग जे ओरडलो, ते चौकापर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

ती शांतपणे म्हणाली, "खर्रा नाई सापडला म्हून माफ केलं तुमाले."

माफ केलं! मला!

दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. लेथवाले चाचा, माझे जुने दोस्त, मुद्दाम घमेलं बघायला आले आणि म्हणाले, "भाभीने तो भेल बना दी, भाऊ. बस, कांदा टाकायचा राह्यला." मलाही हसू आलं. हसू आल्यावर रुसवा किती टिकणार?

तिसऱ्या दिवशी मी घमेल्यात रॉकेल ओतायला निघालो. बोल्ट धुऊन साफ करू, मग बघू. तर हिने माझा हातच धरला. "थांबा, धुऊ नका. जखम बी आधी पाहा लागते, मंग धुवा लागते." खरंच की! चिंधीने पुसत एकेक बोल्ट उजेडात धरला तर मळच बोलायला लागला. काळं चिकट तेल असलं तर इंजिनचा. तांबूस करपलेला असला तर सायलेन्सरचा. डोक्यावर हिरवा रंग असला तर बॉडीचा. पांढरी भुकटी दिसली तर बॅटरीजवळचा आणि वाळलेला चिखल असला तर चाकांकडचा.

तेव्हापासून ती ड्युटीवरून आली, चहा झाला, की आम्ही दोघं अंगणात सतरंजीवर. ती रबरी हातमोजे घालून, मी चष्मा नाकावर ओढून. गाडी विलायती असल्यामुळे मापं सगळी इंचातली, म्हणजे आमच्या मिस्त्री भाषेत सुतातली. आठ सूत म्हणजे एक इंच. त्यात आटे दोन तऱ्हेचे, बारीक आणि जाड. नट बोटांनी गरगर फिरला तर जोडी जमली, दोन फेऱ्यांत अडला तर नाही. अडलेल्याला पान्याने रेटलं की आटे मेलेच समजा. हे मी तिला शिकवलं आणि आठवडाभरात ती मलाच दटावू लागली, "जबरदस्ती नका करू त्याच्यावर." बोल्टाच्या कोऱ्या, म्हणजे बिनआट्याच्या, दांड्याची लांबी बघून त्याने किती जाडीचं काय धरलं होतं, याच्या पैजा लागायच्या. हरेल त्याने रात्रीची भांडी घासायची. भांडी बहुतेक मीच घासली. काय मजा आली म्हणून सांगू! इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही रोज संध्याकाळी एका जागी असे कधी बसलोच नव्हतो.

गाडी उभी राहिली. चालूही झाली, खोकत खोकत. रिटायरमेंटला चार दिवस राहिले असताना मी शेवटचा हात फिरवत होतो आणि सीटखालच्या बोल्टांवर माझी नजर अडकली. डोक्यावर अक्षर कोरलेलं. असलं अक्षर कडक पोलादाच्या बोल्टावर असतं. सीटला कशाला पाहिजे एवढं कडक पोलाद? धावत जाऊन स्टिअरिंग बघितलं. तिथले बोल्ट त्याच मापाचे, त्याच आट्यांचे, पण डोकी कोरी. साधे, नरम. बसले होते अगदी घट्ट, पण एखाद्या खड्ड्यात तुटले असते. त्या गाडीत मी हिला बसवणार होतो. पुन्हा सीट काढली, अदलाबदल केली, नट ढिले पडू नयेत म्हणून काटापिना नव्या घातल्या आणि मग गाडीचा एकूण एक बोल्ट परत तपासला. चारही दिवस त्यातच गेले. तिला म्हणालो, "मेळ नाई बसला तर एसटीनंच ये." ती म्हणाली, "बरं." नुसतंच बरं.

मेळ बसला. शेवटच्या दिवशी उपकेंद्रासमोर मी गाडी उभी केली तेव्हा निम्मं गाव गाडीभोवती. गावातल्या आशा वर्कर ताईंनी तिला हार घातला, एक गाडीच्या नाकालाही घातला. ती येऊन शेजारी बसली. वाटेत दाराकडे बोट दाखवून "हे माह्यं काम हाय," सायलेन्सर तडतडला की "हे तुमचं हाय," असं चाललं होतं.

वरोरा आलं. मी घराकडे वळवायला लागलो तर म्हणाली, "घरी नाई. आधी स्टँडवरून न्या."

"काऊन वं? स्टँडवर काय हाय?"

"माह्या अपडाऊनवाल्या साऱ्या आता उतरल्या असतीन. त्यायचे नवरे न्यायले येते, रोज. मी इतके वर्षं पायत उभी राह्यली, अन् मंग ऑटो केला. आज त्यायनं मले पाहावं."

ती हसत होती, आणि डोळेही पुसत होती. स्टँडसमोरून गाडी हळूहळू नेली. बायका ओरडल्या, ही हात हलवत राहिली. पुढच्या चौकात घराचं वळण आलं. मी ते घेतलं नाही. गाडी फिरवली, परत स्टँडसमोर आणली आणि या खेपेला हॉर्नवरचा हात काढलाच नाही.