कढीत धुतलेले हात

घोड्यांच्या ट्रामा होत्या तेव्हाची गोष्ट. माझी मावशी लालबागेत खाणावळ चालवी. जेवणारे आम्ही सगळे गिरणीतले आणि झाडून सगळे कोकणातले. परका माणूस तिला चालत नसे. परका म्हणजे घाटावरचा. साहेब, पारशी वगैरे मंडळी तिच्या लेखी परकी नव्हती, कारण ती जेवायला येत नसत.

माझ्या शेजारच्या मागावर असाच एक घाटी लागला. चणेकुरमुऱ्यांवर दिवस काढून बिचारा सुकत चालला होता. मी मावशीच्या हातापाया पडून त्याला पंगतीत बसवला. गडी खाली मान घालून जेवला. शेवटी मावशीने सोलकढीची वाटी पुढे ठेवली. त्याने जन्मात कोकम पाहिलं नव्हतं. ते गुलाबी पाणी माशाचा वास घालवायला दिलंय, असं समजून त्याने त्यात बोटं बुडवली, चांगली चोळून धुतली आणि वर म्हणाला, "लई सोय हाय बगा, मावशी."

मावशी मला म्हणाली, "ह्या घाट्याक उद्यापासून घेवन येव नको."

पंगतही तिच्याच बाजूची. घाटावरचे लोक असेच, हे एका वाटीवरून सिद्ध झालं. आमच्यातला एक जण रोज कढी अंगावर सांडे, पण त्यावरून कोकणाबद्दल कुणी काही ठरवलं नव्हतं. मला भयंकर राग आला. घाटी पुन्हा कुरमुऱ्यांवर गेला.

मग एका सकाळी मावशी मला घेऊन बाजारात गेली आणि बांगड्यांसाठी कोळणीशी घासाघीस करत होती. कोळीण इथलीच, पिढ्यान्‌पिढ्यांची. वैतागून म्हणाली, "जा गो घाटीण, तुला मासली काय कलते?"

मावशीच्या हातातला बांगडा टोपलीत पडला. "मी घाटीण? माझ्या दारात दर्या आसा."

"दर्या हाय, मंग इकरं आलीस कशाला?"

मावशीने कोळणीने सांगितला तोच भाव मोजला. घरी येताना एवढंच म्हणाली, "त्या घाट्याक परत घेवन ये. आणि सांग, कढी पिवची आसता."

घाटी परत आला. मला फार बरं वाटलं. वर्षभरात तो कढी भुरकण्यात आम्हालाही ऐकेनासा झाला.

पुढे मी तेलंगणातला एक नवा विणकर जेवायला आणला. तो बसतो न बसतो तोच आमचा घाटी मावशीच्या कानाशी लागला, "मावशी, ह्या परक्या लोकास्नी कढी देऊ नगा. हात धुतील त्यात."

मावशीने त्याच्याकडे नीट पाहिलं, त्याच्या पुढ्यातली कढीची वाटी उचलली आणि नव्या माणसापुढे ठेवली.